करपलेले पोपट

“अहो, हे पोपट आहेत की कावळे?”

चहाचा कप हातात तसाच धरून मी विचारलं. समोर चिमट्यात कुंकवाच्या करंड्याचं झाकण होतं, नुकतंच भट्टीतून बाहेर काढलेलं. झाकणाच्या कडेनं गोल फेर धरून बसलेले बोटाच्या पेराएवढे पोपट हिरवेगार व्हायचे होते. ते काळपट तपकिरी झाले होते, तव्यावर विसरलेल्या पोळीसारखे.

“जरा आच जास्त लागली,” उमाकांत म्हणाले. “पण हिरवे आहेत की. तुला काय कळतंय मीन्यातलं?”

उमाकांत म्हणजे माझे यजमान. समोर असताना मी अजूनही ‘अहो’च्या पुढं जात नाही, पण इथं नावानं लिहायची परवानगी काढून ठेवली आहे. “एवढी वर्षं नावं ठेवलीस, आता एकदा नाव घे,” म्हणाले.

मीन्यातलं मला तेव्हा खरंच काही कळत नव्हतं. लग्न होऊन मी इचलकरंजीहून कोल्हापूरला गुजरीत, सोनारांच्या पेठेत, नागवेकरांच्या घरात आले, त्याला जेमतेम चार-पाच महिने झाले होते. माझे वडील जातीनं सोनारच, पण दुकान चालेना म्हणून सूत रंगवायच्या कारखान्यात मुकादम झालेले. मी लहानाची मोठी झाले ती रंगाच्या पिंपांत आणि ओल्या सुताच्या लडींत. इथं सासरी सोन्याचा आणि काचेचा कारभार. मीना म्हणजे रंगीत काच. ती कुटून तिची मैद्यासारखी पूड करायची, वाट्यांतून पाण्याखाली ठेवायची, सोन्यावर कोरलेल्या खळग्यांत सळईच्या टोकानं भरायची आणि भट्टीत भाजायची. मग ती वितळते आणि सोन्याला धरून बसते. खडे जडवायचे ते त्याच्यानंतर. आणि प्रत्येक रंगाची आच वेगळी. हिरवा दणकट, तो आधी भाजायचा. लाल घरातल्या शेंडेफळासारखा नाजूक, त्याला सगळ्यात शेवटी आणि हलकी आच. हिरव्याच्या आचेत लाल गेला तर करपून काळा पडतो.

हे एवढं मी ऐकून ऐकून शिकले होते. म्हणून आधी झाकणाकडं बघितलं आणि मग उमाकांतांच्या पुढ्यातल्या वाटीकडं.

“अहो, ह्या वाटीत लाल आहे,” मी म्हटलं.

“हिरवा आहे.”

“लाल आहे हो. फिका दिसतोय, पण लालच आहे.”

“मंदा, सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस. ह्या जागेवर हिरवाच असतो. डावीकडनं चौथी वाटी. लहानपणापासून भरतोय मी.”

आणि मग मला आठवलं की त्या वाट्या मीच हलवल्या होत्या.

झालं होतं असं. दोन दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. घरात एक नियम होता: हत्यारं कुणीही धुवावीत, पण रंगाच्या वाट्यांना आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. आबा म्हणजे माझे सासरे, दामोदर नागवेकर. ह्या एका गोष्टीवरून ते आईंवर, माझ्या सासूबाईंवरसुद्धा, खेकसत. मला वाटायचं, काहीतरी सोवळंओवळं असेल. त्या वर्षी नेमकी आबांची कंबर धरली आणि ते आतल्या खोलीत आडवे झाले. सगळी हत्यारं चकचकीत आणि वाट्या तेवढ्या कळकट, हे मला देवीच्या दिवशी बघवेना. मी त्या घासल्या, रंग परत पाण्याखाली ठेवले आणि आमच्या रंगाईच्या कारखान्यात लडी लावतात तशा फिक्यापासून गडदपर्यंत ओळीनं लावून टाकल्या. किती छान दिसतंय, असं वर स्वतःलाच म्हणून घेतलं. शहाणपणा कुठं करू नये ते मला आजही कळत नाही.

दसऱ्याला काम बंद. तिसऱ्या दिवशी आबांनी अंथरुणातूनच सांगितलं, “उमाकांता, शिंत्र्यांच्या करंड्यात हिरवा भरून भाजून काढ. लाल मी उठलो की बघतो.” उमाकांत एकट्यानं भट्टीला बसायची ही पहिलीच वेळ. दिवाळीनंतर आबा गादी त्यांच्याकडं देणार, हे अख्ख्या गुजरीला माहीत होतं. त्यामुळं माणूस पहाटेच आंघोळ करून बसला होता.

“वाट्या मी हलवल्या,” मी कशीबशी म्हणाले.

उमाकांतांनी माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, शेजारची वाटी उचलून दोन्ही खिडकीजवळ नेल्या. बराच वेळ बघत राहिले. मी वाट बघत होते, आता ओरडतील, आता ओरडतील. त्यांनी वळून अगदी हळू विचारलं, “ह्यातला हिरवा कुठला?”

मला आधी थट्टाच वाटली. माझ्या हिरव्या शालूला ते ‘लाल साडी’ म्हणाले होते, तेव्हाही मी थट्टाच समजले होते.

तेवढ्यात भिंतीला धरून, निम्मे वाकलेले आबा दारात आले. त्यांनी झाकण बघितलं, वाट्यांची रांग बघितली. आबा म्हणजे जमदग्नी. चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचे. मी डोळे मिटून उभी राहिले.

“कुणी हलवल्या?”

“मी, आबा.”

मग हळूच डोळे उघडले. आबा पाटावर बसले होते आणि मुलाकडं बघत होते.

“बस खाली,” ते म्हणाले. “आज ना उद्या सांगायचंच होतं. तुला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही, उमाकांता. जन्मापासनं. आठ-नऊ वर्षांचा होतास, तुला मंडईत हिरव्या मिरच्या आणायला धाडलं. तू पिशवीभर तांबड्या घेऊन आलास. आई म्हणाली, पोरगं वेंधळं आहे. मी म्हटलं, वेंधळं नसावं. मग मीन्याचे खडे पुढ्यात टाकून बघितलं. निळा ओळखलास, पिवळा ओळखलास. ह्या दोघांत गोंधळलास. त्या दिवसापासनं वाट्यांच्या जागा ठरवून टाकल्या आणि घरात कुणाला हात लावू दिला नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू सळई हातात धरली असतीस? तुझ्यासारखा हात माझ्या बापालाही नव्हता. केसाएवढ्या रेघेत तू रंग भरतोस आणि बाहेर कण सांडत नाही. तो हात मी मिरच्यांपायी घालवू?”

उमाकांत उठले. त्यांचा चेहरा मला बघवेना. लहानपणापासून शाळेत, घरात सगळे त्यांना वेंधळाच म्हणत आले होते, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. “आंधळ्याला मीनाकार केलंत, आबा,” ते म्हणाले. “गुजरीत तोंड कसं दाखवू? मी नाही बसणार इथं. कुठंतरी कारकुनी बघतो.”

त्यांनी कमरेचं फडकं सोडून पाटावर टाकलं. आणि बाहेरून आवाज आला, “आहेत का दामोदरपंत?”

देव कधी कधी अगदी नको त्या वेळी पाहुणे धाडतो. शिंत्रे वकिलांच्या पत्नी आल्या होत्या, करंडा कुठवर आलाय ते बघायला. लेकीचं लग्न मार्गशीर्षात होतं. त्यांच्याबरोबर समोरच्या दुकानातला रघू पटवेकर होता. दागिने गाठवायचा त्याचा धंदा आणि गुजरीतल्या बातम्या गाठवायचा छंद. इथली गोष्ट त्याच्या कानावर गेली की ती जेवणाच्या आत देवळाच्या महाद्वारापर्यंत पोचायची.

झाकायला वेळच मिळाला नाही. झाकण पाटावर उघडं पडलं होतं.

“अगं बाई!” शिंत्रेबाईंनी तोंडावर हात धरला. “हे काय झालं? कुंकवाचा करंडा हो माझ्या लेकीचा! अशुभ नाही का हे?”

रघू वाकून बघत म्हणाला, “तांबडा भरलाय हिरव्याच्या जागी. उमाकांता, हे तू केलंस होय?”

उमाकांतांनी मान वर केली. ते ‘होय’ म्हणणार हे मला दिसत होतं. एवढा एक शब्द आणि संपलं. पुन्हा त्या घरात कुणी मीन्याचं काम टाकलं नसतं.

“त्यानं कशाला? मी केलं,” आबा म्हणाले.

रघू चमकला. “तुम्ही?”

“मीच. तांबडा-हिरवा कळेना झालाय मला, रघू. डोळे गेले. बरेच दिवस लपवत होतो. आज देवीनंच उघडं पाडलं.”

माझ्या हातातला कप खाली पडला. कुणाचं लक्षही गेलं नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक दाणा वाया घालवला नाही म्हणून लोक सांगलीहून, बेळगावहून यायचे, ज्याच्या पुढ्यात भले भले सराफ माल दाखवायला बिचकायचे, तो माणूस त्या चुगलखोर रघूसमोर आपलं नाव पुसून टाकत होता.

“बाईसाहेब,” आबा शिंत्रेबाईंना म्हणाले, “घाबरू नका. करपलेला रंग कोरून काढता येतो. सोन्याला काही झालेलं नाही. देवीला कुंकू वाहून नव्यानं भरून देतो.”

“पण भरणार कोण? तुमचे डोळे तर…”

“हा भरेल की. उमाकांत. गादी आजपासून त्याची. मी दिवाळीची वाट बघत होतो, मुहूर्त आजचाच निघाला म्हणायचा.”

शिंत्रेबाईंनी उमाकांतांकडं बघितलं. खाली पडलेलं फडकं बघितलं. मग मायेनं म्हणाल्या, “बरंच झालं. तरुण डोळे आहेत. घे बाबा मनावर. म्हाताऱ्या माणसाला आता त्रास देऊ नका.”

ते दोघं गेले तसे उमाकांत बापाच्या पुढ्यात येऊन बसले. “आबा, खोटं कशाला बोललात?”

“खोटं कुठलं?” आबांचा आवाज आता नेहमीसारखा चढला. “डोळे तुला कुणी दिले? बाजारातनं आणलेस? आम्हीच दिले ना? मग त्या डोळ्यांची चूक कुणाची?”

उमाकांतांनी बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे रडले. आबा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. आई आतून आल्या, काही न विचारता फुटका कप गोळा करायला लागल्या. मला वाटतं, त्यांना सगळं आधीपासून माहीत असावं.

“पण मी भरणार कसा?” थोड्या वेळानं उमाकांतांनी विचारलं. “वाट्या पुन्हा कुणी हलवल्या तर? नवीन रंग खलताना? तुमच्यानंतर?”

आबांनी माझ्याकडं बोट केलं. “ही आहे की.”

“मी?”

“तुला बघायला आलो होतो, तेव्हा काय विचारलं होतं? आठवतंय?”

मला चांगलंच आठवत होतं. पोहे, स्वैंपाक, गाणं, शिक्षण ह्यांतलं काही नाही. आबांनी माझ्या वडिलांकडून सुताच्या लडी मागवून घेतल्या होत्या आणि माझ्यापुढं ढीग टाकून म्हणाले होते, “पोरी, हे जरा लावून दे बघू.” मी गंमत म्हणून भराभरा लावल्या होत्या. पोपटी, हिरवा, शेवाळी, गुलाबी, डाळिंबी, कुसुंबी. आमच्याकडचे सगळे नंतर हसत होते, की सोनारांना सून हवी आहे की साडीच्या दुकानात नोकर.

“तुझ्यासाठी रंग ओळखणारी पोरगी शोधत दोन वर्षं हिंडलो मी,” आबा उमाकांतांना म्हणाले. “दिवाळीनंतर हिला शिकवणार होतो. हिनं आधीच हात घातला. बस गं इथं.”

“आबा, गुजरीत बायका कामाच्या पाटावर बसत नाहीत,” आई पहिल्यांदाच बोलल्या.

“दार लोटून घ्या मग.”

मी बसले. आबांनी मीन्याचे कच्चे खडे ओंजळीनं माझ्या पुढ्यात टाकले. कोरडा कसा दिसतो, पाण्यात कसा, भाजल्यावर कसा होतो, एकेक सांगत गेले. मी रंग सांगायचा, वाटी पुढं करायची. उमाकांत भरायचे. पहिले काही दिवस उमाकांत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्यावर राग होता की स्वतःवर, ते मी विचारलं नाही. मग एका दुपारी माझ्याकडं न बघताच म्हणाले, “मंदा, पोपटाची चोच.” मी लालाची वाटी पुढं केली. त्यांनी सळई बुडवली. झालं, एवढंच. आमचा संसार खरा त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते.

करंडा वेळेवर गेला. शिंत्रेबाईंनी झाकणावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बापाच्या वरताण निघाला हो!” आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. एवढे खूश झालेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पण ‘डोळे गेले’ ह्या एका वाक्याची किंमत आबा जगले तोवर मोजत राहिले. आंधळं म्हटल्यावर आंधळ्यासारखं वागायला हवं. त्यांना पेपर वाचायचा भारी नाद. रोज सकाळी रघूच्या दुकानाच्या पायरीवर बसून गल्लीला मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे, वर प्रत्येक बातमीवर आपलं मत. ते बंद झालं. आता रघू त्यांना वाचून दाखवायचा. रघूचं वाचन म्हणजे खडखडाट. ‘अर्थसंकल्प’ म्हणताना तीनदा अडखळायचा, आणि आबा शेजारी बसून निमूट ऐकायचे. घरी आले की दार लावून तोच पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. आणि शिव्या द्यायचे, रघूला नाही, अर्थमंत्र्याला.

रघूबद्दल मात्र मला खरं सांगितलं पाहिजे. ज्याच्या जिभेची आम्हाला भीती, त्यानंच आबांचा हात धरला. रोज देवळात न्यायचा, आणायचा. पायरी आली की सांगायचा. लोकांना सांगत फिरायचा, “दामोदरपंतांनी पोराला वेळेवर गादी दिली, मोठ्या मनाचा माणूस.” तोही शेवटपर्यंत फसला, आणि त्याच्या फसण्यावर आमचं दुकान चाललं. त्याचे उपकारही आमच्यावर कमी नाहीत.

हाच रघू एकदा आबांना हट्टानं नेत्रशिबिराला घेऊन गेला. जवळच्या शाळेत भरलं होतं, बाहेरगावचे डॉक्टर आले होते. “मोतीबिंदू असला तर काढतील, पुन्हा दिसायला लागेल,” म्हणाला. नाही म्हणायला कारण सुचेना. मी बरोबर गेले. सगळ्यांनी चपला व्हरांड्यात काढल्या आणि रांगेत बसलो. आत आबांबरोबर फक्त मला सोडलं, रघू दाराबाहेर थांबला.

डॉक्टरीण अगदी तरुण होती. तिनं भिंतीवरचा तक्ता दाखवला. “आजोबा, काय दिसतंय?”

“सगळ्यात वरचं अक्षर असावं काहीतरी,” आबा म्हणाले. “खाली नुसता धुरळा.”

तिनं बत्ती लावून डोळे तपासले. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तिच्या कपाळाला आठी पडली, आवाज खाली आला. “आजोबा, तुमचे डोळे तर छान आहेत. ह्या वयात इतके छान मी बघितले नाहीत.”

मी पदराचं टोक घट्ट धरलं. दाराशी रघू कान टवकारून उभा असणार, हे मला माहीत होतं.

आबा पुढं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टरीणबाई, माझे गेलेत म्हणून माझ्या पोराचा हात चालतोय. ते गेलेलेच राहू द्यात.”

तिला काय कळलं असेल कोण जाणे. तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते तिनं वाचलं असावं. ती उठून दाराशी गेली आणि रघूला म्हणाली, “ह्यांना ऑपरेशन नको. घरी सांभाळून न्या.”

आता इलाजच उरला नाही असं समजून रघू रडायला लागला. भर व्हरांड्यात, लोकांच्या देखत, आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. आबा त्याची समजूत घालत होते. “जाऊ दे रे रघू. तू आहेस ना वाचून दाखवायला?”

मला राहवेना. इतकी वर्षं मनात होतं, पण ह्या माणसाच्या पायांवर डोकं टेकवून काही बोलावं अशी संधी त्यांनी कधी दिली नव्हती. घरी नमस्कार करायला गेलं की ‘आज काय सण आहे?’ म्हणून खेकसायचे. मी त्यांच्या चपला शोधल्या आणि आंधळ्या सासऱ्याच्या पायांत चपला घालायला सून वाकते तशी वाकले. वाकले ती कपाळ टेकवूनच. आबा, तुमच्यामुळं माझा नवरा मान वर करून चालतो, तुमच्यामुळं मला दोन वेळच्या भाकरीपलीकडचं काहीतरी येतं, असं खूप काही म्हणायचं होतं. पण डोळे भरून आले, पुढचं काही दिसेना. तशीच कशीबशी त्यांच्या पायांत चपला सरकवल्या.

डोक्यावर हात आला. मग आबा वाकले आणि रघूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “उलट्या घातल्यास, पोरी. आधी डोळे पूस. घर त्यांच्यावर चालतंय.”

मी डोळे पुसले आणि चपला सरळ केल्या.